वरच्या मजल्यावरचा पूर्वपक्ष

जर्मनीतल्या वाल्डॉर्फजवळच्या या गावात आम्ही राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली, "वरती दोन म्हातारे राहतात वाटतं. सारखे भांडत असतात."

मी कान दिला. भांडण खरंच चाललं होतं. एक आवाज चढा आणि तक्रारीचा. दुसरा शांत, पण त्यामुळेच जास्त चिडवणारा. भाषा जर्मन नव्हती एवढं नक्की. मधूनच एखादा शब्द ओळखीचा वाटायचा आणि निसटून जायचा. मला वाटलं, त्यातला एक जण 'अनुमान' असं म्हणाला. मी तसं बायकोला सांगितलं.

"तुझी झोप होत नाहीये हल्ली," ती म्हणाली.

पुढे काही दिवसांनी मी घरी नसताना माझं एक पार्सल आलं आणि इथल्या रीतीप्रमाणे ते शेजाऱ्याकडे ठेवून माणूस निघून गेला. शेजारी म्हणजे वरचेच. मी जिना चढून बेल वाजवली. दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या दाढीच्या गृहस्थाने. स्वेटरची कोपरं विरलेली. माझं पार्सल हातात धरून ते त्यावरचं नाव वाचत होते. पासपोर्टवर आहे तसं संपूर्ण नाव: माझं, वडिलांचं, आडनाव.

"मधलं नाव वडिलांचं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हो."

"म्हणजे तुम्ही आमच्यातले," ते म्हणाले. "मी रशियाचा. आमच्याकडेही माणूस वडिलांशिवाय पुरा होत नाही."

जर्मनीत माझ्या मधल्या नावाने मला फार छळलं आहे. इथल्या कचेऱ्यांना ते माझंच दुसरं नाव वाटतं. एकदा विमा कंपनीने थेट माझ्या वडिलांनाच उद्देशून पत्र पाठवलं होतं आणि त्यांच्या दातांची चौकशी केली होती. माझे वडील तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात. त्यांच्या दातांची चौकशी आजवर दुसऱ्या कोणी केली नव्हती. अशा परिस्थितीत एक विद्वान दिसणारा माणूस दारात उभा राहून माझ्या वडिलांचं नाव सावकाश, एकेक अक्षर नीट उच्चारून म्हणतोय, हे पाहून मला भरून आलं. मी लवकर कृतज्ञ होतो. त्या दिवसापासून ते मला रशियन रीतीने, माझं नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारू लागले आणि मी त्यांना 'सर' म्हणू लागलो.

"आपल्याबरोबर अजून कोण असतं, सर?" मी त्या दिवशी विचारलं.

"कोणी नाही. बायको वारली."

"मग ते... आवाज?"

ते जरा लाजले. मग त्यांनी मला आत नेलं. खोलीत भिंती दिसत नव्हत्या, पुस्तकंच होती. मधोमध एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. डावीकडची त्यांची. उजवीकडची पूर्वपक्षाची.

हे मला त्यांनी नंतर बऱ्याचदा समजावून सांगितलं, त्यामुळे इथेच सांगून टाकतो. आपल्या जुन्या शास्त्रकारांची लिहिण्याची एक रीत होती. स्वतःचं मत आधी मांडायचंच नाही. आधी विरोधकाचं मत मांडायचं, तो पूर्वपक्ष. आणि तो असा मांडायचा की विरोधकाने स्वतः वाचला तर म्हणावं, 'हो, मला हेच म्हणायचं होतं, आणि इतकं चांगलं मलाही जमलं नसतं.' मग त्याला उत्तर द्यायचं. सर लिहीतही त्याच रीतीने आणि जगतही त्याच रीतीने. उत्तर सुचलं की डाव्या खुर्चीत बसून मोठ्याने म्हणायचे. मग उठून उजव्या खुर्चीत जायचे आणि विरोधक होऊन स्वतःवर ओरडायचे. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी दुपारच्या शांततेच्या वेळेत दोन पुरुषांचं भांडण चालतं अशी तक्रार घरव्यवस्थापनाकडे केली होती. सरांनी उत्तरात आधी त्या बाईंची तक्रार त्यांच्यापेक्षा उत्तम शब्दांत मांडली होती. ती इतकी पटण्यासारखी झाली की व्यवस्थापनाने सरांना ताकीद दिली.

सर लेनिनग्राडला वाढले. तरुणपणी गणित शिकत होते. तिथून ते भारतीय तर्कशास्त्राकडे कसे वळले, हे ते हसत सांगायचे. त्या काळी तिकडे प्रत्येक विषयावर वरून नजर असायची. ज्या विषयातलं नजर ठेवणाऱ्यांना काहीच कळत नाही असा विषय हवा होता. हजारएक वर्षांपूर्वीचे बौद्ध तर्कशास्त्री भिक्षू त्यांना असे सापडले. शिवाय हे भिक्षू ईश्वर नाही असं ठासून सांगत, त्यामुळे सरकारलाही ते चालण्यासारखे होते. "ईश्वराचं खंडन मी प्रस्तावनेत घेतलं," सर म्हणायचे, "पुनर्जन्म तळटीपेत ढकलला. तळटीपा कोणी वाचत नसे."

त्या भिक्षूंचे बरेचसे मूळ संस्कृत ग्रंथ हरवले आणि तिबेटी भाषांतरात उरले, म्हणून सर तिबेटी शिकले. ईश्वर मानणाऱ्या ज्या नैयायिकांना, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांना, हे भिक्षू उत्तरं देत होते, त्यांच्यापैकी कित्येकांची मतं आता केवळ या उत्तरांमध्येच शिल्लक होती. "तुमच्या पूर्वजांना मी ओळखतो," सर म्हणाले, "पण फक्त भांडताना."

नव्वदीच्या दशकात ते जर्मनीत आले. विद्यापीठात तात्पुरत्या जागेवर लागले आणि ती जागा निवृत्तीपर्यंत तात्पुरतीच राहिली. नंतर विभागच बंद झाला. भारतात ते कधीच गेले नाहीत. आधी देश सोडायची परवानगी नव्हती, मग सवड नव्हती, आणि परवानगी व सवड दोन्ही मिळाली तेव्हा डॉक्टरांनी हृदयाकडे बोट दाखवून लांबचा प्रवास बंद केला.

आता एकच पुस्तक उरलं होतं, ईश्वराच्या अनुमानावरचं, म्हणजे तर्काने ईश्वर सिद्ध करता येतो का यावरचं. त्याचं शेवटचं प्रकरण वर्षानुवर्षं अडलं होतं. का, ते त्यांनी मला तिसऱ्या की चौथ्या भेटीत सांगितलं. "माझे सगळे विरोधक मेलेले आहेत. आयुष्यभर मी अशा माणसांना उत्तरं देतोय, ज्यांना ऐकू येत नाही. ते गप्प बसतात आणि मला वाटतं, मी जिंकलो. मला एकदा जिवंत माणसाने अडवायला हवंय. ज्याची ही परंपरा घरची आहे अशा माणसाने. तोवर ते प्रकरण मी लिहू शकत नाही."

हे बोलून त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा अर्थ मला लगेच कळला आणि मी घाबरलो.

मी दहावीला संस्कृत घेतलं होतं. आमच्या गावात संस्कृत घ्यायचे ते मार्क पडतात म्हणून. आमचे शाळेतले सर सांगत, "पाठ करा. अर्थाच्या मागे लागाल तर पेपर राहील." मी पाठ केलं आणि मला भरपूर मार्क पडले. एका संध्याकाळी मी वरच्या सरांना 'देवः देवौ देवाः'पासून सुरुवात करून सगळ्या विभक्ती न अडखळता म्हणून दाखवल्या, तेव्हा त्या रशियन गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी मला एक साधं वाक्य वाचायला दिलं आणि विचारलं, "याचा अर्थ?" मी म्हटलं, "ते सिलॅबसला नव्हतं."

तरीही त्यांनी आशा सोडली नाही. दर गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी वर जाऊ लागलो. ते मला उजव्या खुर्चीत बसवायचे, आपला युक्तिवाद मांडायचे आणि विचारायचे, "आता तुम्ही काय म्हणाल?"

"बरोबर आहे, सर," मी म्हणायचो.

मला ते खरंच बरोबर वाटायचं. त्यातून मी ज्या शाळेत शिकलो तिथे सरांना उलट प्रश्न विचारणं म्हणजे शहाणपणा करणं, आणि शहाणपणा करणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करत. ज्या माणसांमुळे आपण इथवर आलो, त्यांचं म्हणणं खोडून काढायचं म्हणजे कृतघ्नपणाच. मी सरांना हे एकदा सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मग माझं म्हणणं माझ्यापेक्षा सुंदर शब्दांत परत मांडलं आणि म्हणाले, "तुम्ही माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट विरोधक आहात. मेलेलेसुद्धा तुमच्यापेक्षा बरे होते."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बायकोला फार आनंद झाला. "बघ, मी तरी दुसरं काय म्हणते? कुठे जेवायचं विचारलं तरी 'तू म्हणशील तिथे.' त्या आजोबांना आता कळलं माझं दुःख."

ऑगस्टमध्ये आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. ते मूळचे पुण्याचे, गाड्यांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि माझ्यावर त्यांचा विश्वास. गणेशोत्सवाला प्रमुख पाहुणे मिळत नव्हते. बोलता बोलता मी सरांचा उल्लेख केला.

"रशियन? संस्कृत येतं? आणि तू हे आत्ता सांगतोयस? अरे, परदेशी माणूस आपल्या कल्चरवर बोलणार, लोकांना अजून काय पाहिजे!"

"पण ते ईश्वर नाही असं सिद्ध करणार," मी म्हटलं. "तोच त्यांचा विषय आहे."

"मग? आपल्याकडे नास्तिक दर्शनं आहेतच की. किती टॉलरंट आहोत बघ आपण. हेच तर दाखवायचंय."

मला वाटतं, सरांच्या सगळ्या मृत विरोधकांना मिळूनही इतकं अभेद्य उत्तर सुचलं नसतं.

सरांनी व्याख्यानाचं शीर्षक पाठवलं: 'ईश्वराच्या अस्तित्वाचं खंडन.' मंडळाच्या ग्रुपवर जे पोस्टर आलं त्यात कमळ होतं, ॐ होता, सरांचा दाढीवाला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'ईश्वराचं अस्तित्व: एका रशियन ऋषीच्या दृष्टीतून.' मी अध्यक्षांना फोन केला.

"अरे, ओरिजिनल टायटल मावत नव्हतं," ते म्हणाले.

पोस्टरवरचे 'ईश्वर' आणि 'अस्तित्व' हे शब्द सरांना वाचता आले, विषय तोच आहे असं समजून ते खूष होते. त्यांनी ते टेबलासमोर लावलं. ते तयारीला लागले होते. प्रत्येक संभाव्य आक्षेपासाठी त्यांनी एकेक कार्ड केलं. वर आक्षेप, खाली उत्तर. "सभेत कोण कोण असेल?" त्यांनी विचारलं. "नैयायिक आहेत का?"

"इंजिनिअर आहेत, सर. थोडे डॉक्टर."

"इंजिनिअर! उत्तम. इंजिनिअरला वाटतं, प्रत्येक गोष्ट कोणीतरी बनवलेली असते. ते सहजासहजी ऐकणार नाहीत." त्यांनी हात चोळले. "नेमके हेच लोक मला तरुणपणापासून हवे होते."

आमचा गणेशोत्सव चर्चच्या सभागृहात होतो. गावात परवडणारं आणि मोठं स्वयंपाकघर असलेलं सभागृह तेच आहे. आगीचा अलार्म वाजतो म्हणून कापूर लावायला बंदी, तेव्हा आरती बॅटरीच्या दिव्यांनी. पेणहून मागवलेली शाडूची मूर्ती, मागे मुलांनी केलेला कागदी हिमालय. अथर्वशीर्ष झालं, मुलींचा नाच झाला, फॅन्सी ड्रेसमध्ये तीन मावळे आणि एक इडली आली. मग अध्यक्षांनी सरांची ओळख करून दिली, "ज्यांनी आपलं अवघं जीवन आपल्या संस्कृतीला वाहिलं..." सर जुना, जाड कापडाचा सूट घालून पहिल्या रांगेत बसले होते. मांडीवर कार्डांची गड्डी. दाढी नीट छाटून आले होते.

त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली आणि पहिलं संस्कृत वाक्य म्हटलं. टाळ्या पडल्या.

"काय उच्चार आहेत!" माझ्या मागची एक बाई म्हणाली. "आपल्या मुलांना येतं का असं?"

सर थोडे गोंधळले. एवढ्यात टाळ्या वाजण्यासारखं त्यांनी काही म्हटलं नव्हतं. ते वाक्य विरोधकाचं होतं. त्यांनी तो पूर्वपक्ष नीट मांडला. घडा बघितला की तो कोणीतरी घडवला हे कळतं. जगही घड्यासारखंच घडलेलं आहे. म्हणून जगाचाही घडवणारा असला पाहिजे. सभागृहातल्या माना डोलत होत्या. मग त्यांनी मूर्तीकडे हात केला.

"ही मूर्ती कोणी घडवली का?"

"हो!" सगळे म्हणाले.

"कुठे?"

"पेणला!"

"कशावरून म्हणता?"

"आम्ही बघितलंय तिथे करताना!" एक गृहस्थ उभे राहून म्हणाले.

"उत्तम. तुम्ही बघितलंय. मातीपासून मूर्ती होताना बघितलंय, म्हणून दुसरी मूर्ती बघून मूर्तिकार आठवतो. आता बाहेर तो डोंगर दिसतोय. तोही मातीचाच आहे. तो पेणच्या कोणत्या कारखान्यात झाला?"

सभागृह हसून हसून दमलं. पुन्हा टाळ्या. सर एकेक पायरी चढत गेले. इतकं स्वच्छ, इतकं निर्दय बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "तेव्हा ईश्वर आहे, हे अनुमानाने सिद्ध होत नाही. आणि प्रत्यक्ष तर तो कोणी पाहिलेला नाही." आणि ते थांबले.

कडकडाट झाला. लोक उभे राहिले. अध्यक्षांनी माइक घेतला आणि भारावून ओरडले, "गणपती बाप्पा!"

"मोरया!" सगळं सभागृह म्हणालं.

सरांनी कार्डांची गड्डी हातात घेतली. "आता आक्षेप," ते म्हणाले.

एका बाईंनी हात वर केला. सर पुढे झुकले. "सर, तुम्ही रोज मेडिटेशन करता का?"

दुसऱ्याने विचारलं, त्यांना मोदक आवडले का. तिसरे एक गृहस्थ म्हणाले, माझा प्रश्न नाही, कॉमेंट आहे: संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सगळ्यात योग्य भाषा आहे असं त्यांनी वाचलंय. सरांनी नम्रपणे सांगितलं, "हा आक्षेप नाही." त्यावरही टाळ्या पडल्या. कोणी विरोध करायला तयारच नव्हतं. त्यांच्या देवाला सरांनी सगळ्यांसमोर नाही म्हटलं होतं आणि त्यांना सरांचं कौतुक वाटत होतं. शाल आली, श्रीफळ आलं. सर शाल पांघरून उभे होते आणि त्यांच्या हातातली कार्डं तशीच न वापरलेली राहिली होती. त्यांनी ती कोटाच्या खिशात ठेवली. इतका म्हातारा झालेला माणूस मी याआधी पाहिला नव्हता. सकाळी हे असे नव्हते.

"आता आभारप्रदर्शन," अध्यक्ष म्हणाले आणि माझं नाव घेतलं.

आभारप्रदर्शन हा माझा विषय. आठवीपासून मी ते करत आलोय. आमच्या शाळेत स्वागतगीत गोड गळ्याच्या मुलीला द्यायचे, प्रास्ताविक हुशार मुलाला, आणि आभारप्रदर्शन अशाला, जो काही भलतंच बोलणार नाही याची शिक्षकांना खात्री आहे. त्या खात्रीला मी कधी तडा जाऊ दिला नव्हता. मी माइक घेतला. सभागृह दिल्याबद्दल चर्चचे आभार मानले. स्वयंपाकघरातल्या भगिनींचे आभार मानले. ध्वनियंत्रणेचे मानले. प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत करणाऱ्या हातांचे मानले. मग पाहुण्यांकडे वळलो. सर जमिनीकडे बघत होते.

"पाहुण्यांचे आभार मानण्याआधी," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून कसं आलं ते मला आजही सांगता येत नाही, "माझी एक शंका आहे."

सरांनी मान वर केली.

मी इंग्रजीत म्हणालो, "सर, मी ऑफिसात ज्या प्रोग्रॅमवर काम करतो, तो फार जुना आहे. कोणी लिहिला ते आता कोणालाच माहीत नाही. लिहिताना कोणी पाहिलेला नाही. तरी कोणीतरी लिहिलाय हे नक्की."

सरांचा चेहरा असा उजळला की मला जिना चढून पार्सल आणायला गेलो तो दिवस आठवला. पण बोलताना ते कठोर होते. "तुम्ही इतरांना प्रोग्रॅम लिहिताना पाहिलंय. डोंगर लिहिताना कोणाला पाहिलंय?"

"नाही."

"शिवाय, तुमचा तो जुना प्रोग्रॅम एकाने लिहिलाय की अनेकांनी?"

"अनेकांनी."

"त्यांचं आपसात पटत होतं?"

"कोड बघून तरी वाटत नाही."

"मग तुमच्या दृष्टांतावरून फार तर इतकंच निघेल की जग एका समितीने बनवलंय, ती समिती आपसात बोलत नव्हती आणि आता कंपनी सोडून गेली आहे."

इंजिनिअर मंडळी खदखदून हसली. इथे मी बसायला हवं होतं. अध्यक्षांनी तशी खूणही केली. पण माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं होतं.

"पण सर," मी म्हणालो, "ज्याने आयुष्यात पहिलाच प्रोग्रॅम पाहिला, त्याचं काय? त्याने तर कोणालाच लिहिताना पाहिलेलं नाही. तुमच्या नियमाने त्याला 'हा कोणी लिहिला' असं म्हणताच येणार नाही. पण लिहिलेला तर असतो. मग तुमचा नियम त्याला खऱ्यापासून लांब ठेवतो."

सरांनी खिशातून कार्डं काढली, चाळली. मग एका कार्डाची कोरी बाजू वर केली आणि पेन शोधू लागले. "थांबा," ते म्हणाले. "कृपा करून थांबा."

"वेळेअभावी आपण इथेच थांबतोय," अध्यक्ष माझ्या हातातून माइक घेत म्हणाले, "जेवण तयार आहे." मग माइक बाजूला धरून मला म्हणाले, "अरे, वेड लागलं का तुला? शाल दिल्यावर कोणी पाहुण्याशी वाद घालतं? आभार मानायला उभं केलं होतं तुला!"

ते राहूनच गेले होते. सरांचे आभार मी आजतागायत मानलेले नाहीत.

परतताना गाडीत सर पुढे बसले, मांडीवर नारळ. मागे बायको आणि आमची लहान मुलगी. मुलगी सरांना जर्मन रीतीने 'ओपा', आजोबा, म्हणते; तिने जर्मनमध्ये विचारलं, "ओपा, बाबा जिंकला का?"

"अजून नाही," सर म्हणाले. "पण हरलेलाही नाही."

"हे घरी कधी होत नाही," बायको म्हणाली. "माझ्याशी पण एकदा वाद घालून बघ ना. माइक आणून देते."

पुढच्या गुरुवारी मी वर गेलो तेव्हा टेबलावर छापलेलं एक पान होतं. शेवटचं प्रकरण सुरू झालं होतं. जुन्या ग्रंथांत विरोधकाचं नाव घेत नसत. 'काही जण म्हणतात' असं लिहून त्याचं मत मांडत. सरांनीही तसंच केलं होतं. त्या पानावरचा 'काही जण' म्हणजे मी. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. पुस्तकात खंडन होणाराही पहिलाच ठरणार होतो. मी वाचलं. माझी ती ओबडधोबड शंका तिथे इतकी देखणी झाली होती की मी स्वतःला ओळखलं नाही.

"तुम्हाला हेच म्हणायचं होतं?" सरांनी विचारलं. "तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मला उत्तर लिहिता येत नाही. नियम आहे."

'हो सर' अगदी जिभेवर आलं होतं. पण वाचताना मला खरंच काहीतरी खुपत होतं. मी म्हटलं, "नाही, सर. यात तो पहिल्यांदा प्रोग्रॅम पाहणारा माणूस मूर्ख वाटतो. तो मूर्ख नाहीये."

सरांनी पेन्सिल उचलली.

असे बरेच गुरुवार गेले. दर वेळी काही ना काही राहिलेलं असायचं आणि मला ते दिसायला लागलं होतं, याचं माझं मलाच आश्चर्य वाटत होतं. प्रकाशकाची आठवण करून देणारी पत्रं यायची. डॉक्टरांनी औषधं वाढवली. बायको म्हणाली, "हो म्हणून टाक ना एकदाचं. म्हातारा माणूस आहे. त्यांच्या हयातीत पुस्तक हातात पडू दे."

हे मलाही पटलं. गेल्या गुरुवारी सरांनी नवं पान दिलं. मी ते दोनदा वाचलं. काहीच राहिलेलं दिसत नव्हतं. निदान मला सापडत नव्हतं.

"हो सर," मी म्हणालो. "मला अगदी हेच म्हणायचं होतं."

सरांनी उत्तर लिहायला पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही हे मनापासून म्हणताय?"

"हो, सर."

"मला बरं वाटावं म्हणून नाही?"

"नाही, सर."

"तुमच्या अध्यक्षांना तुम्ही काय म्हणता?"

"हो म्हणतो."

"ऑफिसात साहेबांना?"

"त्यांनाही."

"बायकोला?"

"तिलाही," मी म्हणालो.

"बघा," ते म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, पण डोळे चमकत होते. "पटलं तरी तुम्ही हो म्हणता, नाही पटलं तरी हो म्हणता. मग तुमच्या हो म्हणण्यावरून मी काय सिद्ध करू? हे प्रमाण चालणार नाही." त्यांनी पानावर आडवी रेघ मारली आणि कोरा कागद ओढला. "पुढच्या गुरुवारी या. येताना काय चुकलंय ते घेऊन या."

मी खाली आलो. बायकोने विचारलं, "झालं? म्हणालास हो?"

"म्हणालो," मी सांगितलं. "फेटाळला त्यांनी."